नकाशातली दुसरी विहीर

ट्यूलिपच्या बागा त्या वर्षी बंद होत्या, आणि उघड्या असत्या तरी मी त्यांच्याविषयी लिहिले नसते. हॉलंडला मी दोन महिन्यांच्या बोलीवर गेलो आणि नऊ महिने राहिलो. फेब्रुवारी २०२०च्या अखेरीस मुलीकडे उतरलो, मार्चमध्ये विमाने थांबली. परतल्यापासून भेटेल तो विचारतो, "मग, काय काय पाहिलंत?" त्या सर्वांना हे एकत्रित लेखी उत्तर.

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावचा मी रहिवासी. गावाचे नाव देत नाही, कारण प्रकरण प्रलंबित आहे. अडतीस वर्षे दिवाणी वकिली केली. त्यातली निम्म्याहून अधिक बांध, वहिवाट आणि हद्द यांत गेली. कचेऱ्यांत मला 'अर्जवाले' म्हणतात. मी ती पदवी समजतो. धर्मांतरापूर्वी आम्ही गावचे महार. आमची जुनी वस्ती शिवेवर होती. ती केव्हाच उठली, पण तिची विहीर शिल्लक आहे. ही विहीर बुजवून त्या जागेवरून एका हॉटेलाकडे रस्ता न्यायचे ठरले, तेव्हा मी हरकत घेतली. हरकत एका ओळीत फेटाळली गेली: "सदर जागी पूर्वी वस्ती अथवा विहीर असल्याबाबत अभिलेखात पुरावा नाही." विहीर डोळ्यांना दिसते, कागदाला दिसत नाही! हा कागद पिशवीत घालूनच मी विमानात बसलो होतो.

झूटरमेर

माझी मुलगी प्रज्ञा आणि जावई मिलिंद झूटरमेर नावाच्या गावात राहतात. हेग शहरात नोकरीला जाणाऱ्यांचे हे गाव. त्या वर्षी कोणीच कुठे जात नव्हते. दोघे दोन खोल्यांत संगणकासमोर बसत आणि मी स्वयंपाकघरात कोकमाचे सार करीत असे. सकाळी पावावर लोणी लावून त्यावर चॉकलेटचा चुरा पेरून खाणारे मोठमोठे पुरुष मी याच देशात पाहिले. आमच्याकडे हा प्रकार वाढदिवसालाही कोणी मुलांना खाऊ देणार नाही.

संध्याकाळी मी फिरायला जाई. जमीन ताटासारखी सपाट, आणि शेताशेतांच्या मध्ये बांध नाहीत. सरळ पाण्याचे चर. मी कितीदा तरी त्या चरांपाशी उभा राहिलो. आमच्याकडे शेजारी दरवर्षी वीतभर बांध कोरतो, आणि त्या विताविताने माझ्यासारख्या वकिलांची मुले इंजिनियर होतात. पाणी कसे कोरणार? या देशात दिवाणी वकिलाचे कसे चालत असेल, हा प्रश्न मला प्रामाणिकपणे पडला.

घरात एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी खटकली होती. निळ्या कोटातली तसबीर, जी आमच्या घरी दारातून आत येताच समोर दिसते, ती प्रज्ञाच्या घरात झोपायच्या खोलीत होती. पुढे उइटहॉर्न नावाच्या गावच्या मराठी मंडळींचा पडद्यावरचा स्नेहमेळावा झाला. पुण्याच्या एक बाई गोड आवाजात म्हणाल्या, "वेंगुर्ल्याचे का तुम्ही? मग आडनावावरून कळेना, तुम्ही मूळचे कोण?" प्रज्ञा म्हणाली, "मूळचे वेंगुर्ल्याचेच." आणि तिने आवाज बंद करून चहा ओतायला घेतला. साक्षीदाराने प्रश्नाचे उत्तर टाळले, हे वकिलाला सांगावे लागत नाही.

हेग

जूनमध्ये संग्रहालये उघडली. आधी वेळ ठरवायची, मग ठरलेल्या मिनिटाला दारात उभे राहायचे. मिलिंदने बातमी आणली की हेगच्या एका संग्रहालयात जुन्या दर्यावर्दी सत्तांच्या स्पर्धेवर प्रदर्शन आहे आणि त्यात वेंगुर्ल्याचा नकाशा आहे. संग्रहालयाचे नाव येथे देत नाही. त्यांच्याशी माझे भांडण झाले, पण ते सरळ माणसांचे भांडण होते.

मला त्या रात्री झोप आली नाही. आमच्या वेंगुर्ल्यात डच वखारीच्या भिंती अजून उभ्या आहेत. लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळलो. गोव्याच्या पोर्तुगिजांना समुद्रात कोंडण्यासाठी डचांना ती जागा हवी होती. ज्यांनी वखार बांधली, त्यांनी भोवतालची जमीन मोजली असणारच. आणि मोजली असेल तर माझी विहीर कुठेतरी असणारच.

प्रज्ञा बरोबर आली. संग्रहालयापूर्वी ठेल्यावरचा हेरिंग खाल्ला: कच्चा मासा, वर बारीक कांदा, शेपटी धरून थेट तोंडात. "बाबा, तो शिजवलेला नाही हां," प्रज्ञा म्हणाली. मी म्हटले, "मी वेंगुर्ल्याचा आहे. माशाने मला घाबरावे." दुसरा मागितला. दुपारभर पोटाने त्याची शिक्षा केली, हे कबूल करतो.

आत जमिनीवर बाण, बाणांमागून माणसे. पहिल्या दालनात डच आणि पोर्तुगीज यांच्या तहाची प्रत होती. तह याच शहरात झाला. वकिलाच्या नजरेने वाचल्यावर माझे कान तापले. सह्या झाल्या, पण तह अमलात यायचा तो मंजुऱ्यांची देवघेव होऊन जाहीर झाल्यावर. आणि जाहीर व्हायला सावकाश वेळ लागू दिला. तेवढ्यात डच आरमाराने कोची घेतली, आणि मग म्हणाले, "तह जाहीर व्हायच्या आधी घेतली, सबब आमची." पोर्तुगीज म्हणाले, "सही आधी झाली, सबब परत करा." वर्षानुवर्षे दोघे भांडले. आमच्याकडे स्थगितीचा हुकूम हातात पडायच्या आत शेजाऱ्याची भिंत पाडतात, ती युक्ती या लोकांनी आरमार घेऊन केली! आणि कोचीत राहणाऱ्या एकाही माणसाचे नाव त्या कागदावर नाही, वादी म्हणून नाही, प्रतिवादी म्हणून नाही, साक्षीदार म्हणूनही नाही.

दुसऱ्या दालनात नकाशा. किनाऱ्यावर वखार, वर निशाण, उत्तरेला देऊळ आणि लाल कौलांचे गाव, एक ओहोळ, ओहोळापलीकडे, गोव्याच्या बाजूला, जवळजवळ कोरी पट्टी. ओहोळाचे वळण मी डोळे मिटून काढू शकतो. ते आमचे गाव होते. ती कोरी पट्टी म्हणजे आमची वस्ती.

खालची पाटी प्रज्ञाने वाचून दाखवली आणि शेवटी तिचा आवाज हळू झाला. "दोन सत्तांमधली निर्मनुष्य सीमाभूमी. खाली उजवीकडे गवताच्या गंजी."

"पुन्हा वाच."

"बाबा, लोक बघतायत."

"निर्मनुष्य?" मी मोठ्याने विचारले. मराठीतच विचारले. "माझ्या पणज्याला गवताची गंजी म्हणतात काय हे?"

ते वाक्य रागात निघाले. त्यात केस जिंकण्याचा मुद्दा आहे, हे तेव्हा माझ्याही लक्षात आले नाही.

घरी येऊन मी पत्र लिहिले. प्रज्ञा चिडली की तिची पुण्याची भाषा गळून पडते. "हयसर पण अर्ज? बाबा, आमका हयसर रवाचा असा!" आम्हाला इथे राहायचे आहे, असे ती म्हणत होती. मी म्हटले, "राहायचे आहे म्हणूनच. निर्मनुष्य जागेतून आलेली माणसे कुठेही पाहुणीच राहतात." तिने पत्र इंग्रजीत टंकून दिले, पण मी 'आमची महारांची वस्ती' असे लिहिले होते तिथे तिने 'आमची वस्ती' एवढेच ठेवले.

उत्तर नवव्या दिवशी आले. माझ्या अडतीस वर्षांत मला नवव्या दिवशी उत्तर आलेले नाही. मारायके नावाच्या अधिकारी बाईंनी लिहिले होते: नकाशात त्या पट्टीत घरे काढलेली नाहीत, तुमच्याकडे पुरावा असेल तर सप्टेंबरमध्ये या, बसून बोलू, कॉफी आमच्याकडे.

म्हणजे गावचा कारकून आणि हेगचे संग्रहालय यांचे एकमत होते. पुरावा नाही.

बार्ले

ऑगस्टमध्ये मिलिंदने गाडी काढली आणि मला दक्षिणेला बार्ले या गावी नेले. त्याची समजूत अशी की सरहद्दीचे गाव पाहिले की सासरेबुवांचा राग उतरेल. या एका गावात हॉलंड आणि बेल्जियम रफू केल्यासारखे एकमेकांत शिवलेले आहेत. शेकडो वर्षांपूर्वी दोन सरदारांनी शेत तुझे, कुरण माझे अशी वाटणी केली, आणि तिचा शेवटचा तंटा अगदी अलीकडे मिटला. हद्द फरशीवर पांढऱ्या खुणांनी आखली आहे. ती रस्त्यावरून जाते, दुकानातून जाते, कोणाच्या घराच्या भिंतीतून आत शिरते.

कापडाच्या दुकानाच्या बाईंशी गाठ पडली. त्यांना इंग्रजी येत होते आणि बोलायला माणूस हवे होते. "वसंतात आमच्या गल्लीतल्या एका दुकानाला मधोमध फीत लावली होती," त्या सांगत होत्या. "हॉलंडचा अर्धा भाग उघडा, बेल्जियमचा बंद. मोजे मिळत होते, बनियन मिळत नव्हते."

"आणि घर कोणत्या देशाचे, हे कसे ठरते?"

"पुढच्या दारावरून. दार ज्या देशात, घर त्या देशात. पूर्वी लोक सोय बघून दार हलवायचेसुद्धा."

मी मनापासून हसलो, त्या देशात प्रथमच. दाराच्या मालकाला विचारून हद्द ठरते, हा न्याय मला मान्य आहे. मग मी त्या पांढऱ्या खुणांवरून चालू लागलो. का, ते सांगतो. माझे आजोबा सांगत की दोन गावांत शिवेचा तंटा झाला, की पाटील, कुलकर्णी, पंच सगळे बाजूला बसत आणि महाराला बोलावीत. तो डोक्यावर मातीचे ढेकूळ घेऊन चाले. त्याची पावले पडतील ती शीव. ज्याची सावली चालत नसे, त्याची साक्ष मात्र दोन्ही गावांना चाले. म्हणून आमची घरे शिवेवर बसवली होती: शीव राखायला माणूस शिवेवरच लागतो.

शिवेवर माणूस लागतो! मी जागीच थांबलो. मागून सायकलची घंटा खणखणली आणि एक आजीबाई मला डच भाषेत काहीतरी सुनावून गेल्या. मी सायकलच्या वाटेत उभा होतो.

"मिलिंदराव, प्रज्ञाने काढलेला नकाशाचा फोटो तुमच्याकडे आहे ना? दाखवा."

त्याने फोनवर फोटो मोठा केला. ओहोळापलीकडे सात त्रिकोणी ढीग. पाटीवाल्यांनी आपल्या शेतातल्या गंजी पाहिलेल्या, म्हणून त्यांना गंजी दिसल्या. पण ढिगांच्या शेजारी एक बारीक वर्तुळ होते. तसेच वर्तुळ गावात देवळाजवळ होते. नकाशाच्या कोपऱ्यात खुणांचा खुलासा होता, आणि मिलिंदने तो वाचला: वर्तुळ म्हणजे गोड्या पाण्याची विहीर. जहाजांना पाणी लागते. नकाशा काढणाऱ्याने प्रत्येक विहीर इमानाने नोंदली होती.

गवताची गंजी पाणी पीत नाही.

पुन्हा हेग

मारायकेबाईंच्या खोलीत पाच माणसे दीड-दीड मीटरवर बसली होती. कॉफी आली, डबा फिरला, प्रत्येकाने एक बिस्कीट उचलले आणि डब्याचे झाकण लागले. या देशात निकाल कोणी देत नाही. सगळे थकेपर्यंत बोलतात आणि शेवटी जे उरते त्याला निर्णय म्हणतात. प्रज्ञा माझ्याबरोबर होती. मी पंधरा मिनिटे बोललो: ढीग, वर्तुळ, खुणांचा खुलासा.

"मुद्दा चांगला आहे," मारायकेबाई म्हणाल्या. "आपण 'विरळ वस्तीची' म्हणू या?"

"नाही."

"'हंगामी वस्तीची'?" पलीकडचे एक गृहस्थ म्हणाले. "गवत कापायला येणारे लोक, त्यांचे पाणी. दोघांचेही समाधान होईल."

"दोघांचे समाधान करून तिसऱ्याची जागा वाटणे या शहराला जमते, हे मी खालच्या दालनात वाचले," मी म्हणालो. "मी इथे सौदा करायला आलेलो नाही. साक्ष द्यायला आलो आहे."

बाईंना राग आला नाही. त्या नकाशावर वाकल्या. "मला एक खरोखर समजत नाही. गावाची विहीर इथे. ही दुसरी इथे, ओहोळ ओलांडला की लगेच, शंभर पावलांवर. पाणी एवढे जवळ असताना कोणी दुसरी विहीर का खणेल? म्हणूनच आम्ही ती पुसट खूण धरली नाही."

उत्तर मला पाठ होते. पण निघण्यापूर्वी प्रज्ञा म्हणाली होती, "बाबा, नकाशाचं काय ते बोला. आपलं नको. इथली सगळी मंडळी एकमेकांना ओळखतात." मी मुलीकडे पाहिले. जन्मात प्रथमच भर सुनावणीत माझी जीभ अडली.

मग प्रज्ञा बोलू लागली. डच भाषेत बोलली. तिचे डच मी दुकानात ऐकले होते, हळू आणि चाचपडत. हे तसे नव्हते. तिने एक बोट देवळाजवळच्या वर्तुळावर ठेवले, दुसरे ढिगांजवळच्या. दोनच वाक्ये असावीत. पलीकडच्या गृहस्थांनी हातातले बिस्कीट बशीत ठेवले. मारायकेबाई नकाशावरून मान वर करून इंग्रजीत म्हणाल्या, "म्हणजे हा नकाशा आम्हाला वाचताच येत नव्हता."

बाहेर ट्रामच्या थांब्यावर मी विचारले, "काय सांगितलेस?"

"सांगितलं की आम्ही शीव राखणारे महार, पहिल्या विहिरीला हात लावायची माझ्या आजीलासुद्धा परवानगी नव्हती. म्हणून दुसरी." ती मुखपट्टी नीट करीत राहिली. "चुकलं काय माझं?"

"साक्षीदाराला पढवले नव्हते," मी म्हणालो, "म्हणून साक्ष टिकली."

दोन आठवड्यांनी नव्या पाटीचा मसुदा आला: या खुणा गवताच्या गंजी नसून शीव राखणाऱ्या महारांची घरे आणि त्यांना खणावी लागलेली वेगळी विहीर आहे, हे त्या वस्तीच्या वंशजांनी दाखवून दिले. त्यांनी विचारले होते की वंशजांची नावे घालायची, की 'भारतातील अभ्यागत' म्हणायचे? प्रज्ञाने मला न विचारता उत्तर पाठवले. तिने दोघांची नावे आणि गाव लिहिले होते. त्याच संध्याकाळी तसबीर झोपायच्या खोलीतून समोरच्या भिंतीवर आली. खिळा मिलिंदने ठोकला, वाकडा ठोकला.

मी एवढ्यावर थांबणार नव्हतो. मला पाटीच्या मजकुराची आणि नकाशाची सहीशिक्क्याची प्रत हवी होती. मारायकेबाईंनी सही केली आणि म्हणाल्या, "शिक्का? आमच्याकडे शिक्का नाही. सही आहे ना?" मी त्यांना समजावले की आमच्या देशात गोल शिक्क्याशिवाय कागद म्हणजे पुडी बांधायची रद्दी. त्यांनी सारी इमारत पालथी घातली. अखेर मुलांच्या खेळाच्या खोलीत एक शिक्का सापडला: निळे, शिडे फुगलेले गलबत. गोल होता. मी म्हटले, "मारा."

नोव्हेंबरच्या सुरुवातीला संग्रहालये पुन्हा बंद झाली. नवी पाटी तेव्हा भिंतीवर लागली होती, बंद दारामागे, कुलपाआड. लागली होती, एवढे मला पुरे होते.

घरी

महिनाअखेरीस खास विमानाने परतलो. विलगीकरणाचे दिवस संपल्यावर पहिले काम केले ते कचेरीत जाण्याचे. तिथे टेबलाला दोरी बांधून माणसे लांब ठेवली होती. तरुण कारकुनाने कागद वरखाली केला.

"अर्जवाले, खूप दिवसांनी! बरे आहात ना?" मग त्याने डोळे बारीक केले. "हॉलंडचा नकाशा? हा इथे कसा चालेल?"

"इथल्याने विहीर दाखवली असती तर तिथला आणावा लागला नसता."

तो गलबताच्या शिक्क्याकडे आदराने पाहत राहिला. "डच सरकारचा वाटतं?"

मी खोटे बोललो नाही. खरेही सांगितले नाही. "गोल आहे," मी म्हणालो.

ज्यांनी आमची जमीन आम्हाला न विचारता आपसांत तोलली, त्या परक्यांनी तहानेपोटी का होईना, आमची विहीर कागदावर आणली. ज्यांनी ती विहीर आम्हाला खणायला लावली, त्यांच्या वारसांच्या नकाशात ती नाही. मला दोघांचेही आभार मानायचे नाहीत. मला फक्त नोंद हवी आहे.

अर्जाच्या नमुन्यात एक रकाना असतो: 'अर्जदाराचा जागेशी संबंध'. मागच्या वेळी मी तिथे 'स्थानिक रहिवासी' असे सभ्यपणे लिहिले होते. या वेळी लिहिले: 'या विहिरीचे पाणी प्यालो आहे. गावच्या विहिरीचे पिऊ दिले नाही.' कारकुनाने ते वाचले, माझ्याकडे पाहिले आणि आवक क्रमांक घातला.

सुनावणी व्हायची आहे. विहीर अजून बुजलेली नाही. पोच घेतली आहे.